पत्र्यावरचा हात

सुकलाल दाजी.

माझ्यावर ज्यांचे सगळ्यात जास्त उपकार आहेत त्यांचं नाव आधीच लिहून टाकतो. पुढे लिहिताना धीर सुटला, तरी नाव मागे घेता येणार नाही. दाजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. आमच्या घरात पहिला पदवीधर मी, आणि सुरतेत मी आज खुर्चीवर बसून काम करतो ते केवळ त्यांच्यामुळे. त्यांच्याशी मी जे केलं ते मात्र इतकी वर्षं कुणाला माहीत नव्हतं. बायकोला नाही. बहिणीला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? — तुम्ही मला तोंडावर काही विचारणार नाही म्हणून असेल.

पार्किंगपासून सुरू करतो. तेवढं सांगायला सोपं आहे.

मी बरीच वर्षं गाडी चालवतोय. नवापूरमार्गे गावी जाताना कोंडाईबारीचा घाट मला कधी जड गेला नाही. चलथाणच्या उसाच्या ट्रॉल्यांमागून निमूटपणे कितीतरी वेळा गेलोय. पण गाडी मागे घ्यायची म्हटली की हाताला घाम येतो. लग्नाला गेलो की जिथे सरळ शिरता आणि सरळ निघता येईल तिथे, लांब कुठेतरी गाडी लावतो आणि चालत येतो. घरच्यांना वाटतं, ह्यांना चालायची आवड आहे. मी तसं वाटू दिलं.

गेल्या वर्षी कतारगामला फ्लॅट घेतला. तळघरात पार्किंग, दोन खांबांच्या मध्ये, आणि गाडी उलटीच लावायची असा सोसायटीचा नियम. मुलीच्या शिक्षणासाठी बायको तिच्याबरोबर पुण्याला राहते. मागे उभं राहून बघणारं कुणी नाही. एकदा खांबाला घासली, मग शेजाऱ्याच्या गाडीला. सेक्रेटरी भला माणूस. म्हणाला, "पाटीलभाई, थोडी प्रॅक्टिस करी लो ने." मी हसलो, वर आलो, आणि रिकाम्या घरात बराच वेळ बूटसुद्धा न काढता बसून राहिलो.

शेवटी जवळच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. शिकवायला हेतलबेन नावाची मुलगी, माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल.

"काका, लायसन्स छे?"

"छे."

"केटलां वरसथी?"

किती वर्षं झाली ते सांगितलं. ती मोकळेपणी हसली. "तो पछी अहीं शुं करवा आव्या? मने शिखवाडवा?"

मीही हसलो. काय करायला आलो होतो, ते तिला काय सांगणार?

आता मागे जायलाच हवं.

दाजी सुरतेतच, गोडादऱ्याच्या बाजूला कापड विणायच्या लूमवर कामाला होते. इतकी वर्षं त्या खडखडाटात काढली की त्यांचे कान गेले. पूर्ण नाही. जवळ जाऊन मोठ्याने बोललं की कळायचं, बारीक आवाज मात्र त्यांच्यासाठी संपलेच होते. मग ते त्याच सेठचा टेम्पो चालवू लागले. मी गावाहून आलो तो त्यांच्याच एका खोलीत. खोलीत अभ्यासाला जागा नाही म्हणून संध्याकाळी ते मला टेम्पोच्या केबिनमध्ये बसवायचे आणि स्वतः बाहेर फळीवर बसून राहायचे, कुणी मला हटकू नये म्हणून. कॉलेजात नाव घातलं त्या दिवसापासूनच मला 'बीकॉम' अशी हाक मारायचे. "ओ बीकॉम, जेवण थंड व्हतंय!" असं गल्लीभर ऐकू जाईल असं. निकाल लागला तेव्हा टेम्पोची किल्ली माझ्या हातात दिली. "आते हाई बी शिक. सायेबले गाडी येवाले पाहिजे."

आणि शिकवलं त्यांनीच.

त्या गल्ल्यांमध्ये टेम्पो मागे कसा घेतात, ते तुम्हाला सांगायला हवं. कापडाच्या ताक्यांनी भरलेल्या टेम्पोतून मागचं काही दिसत नाही. एक माणूस मागे उभा राहतो आणि पत्र्यावर हात मारत राहतो. सावकाश एकेक हात वाजतोय तोवर येऊ द्यायचं. लागोपाठ दोन जोरात वाजले की थांबायचं. आरशात कुणी बघत नाही. स्टिअरिंगवर बसलेल्याने आपले डोळे मागच्याला देऊन टाकलेले असतात.

त्या दिवशी स्टिअरिंगवर मी होतो आणि मागे दाजी. त्यांच्याही मागे सेठची नवी गाडी उभी होती, पूजेचा झेंडूचा हार अजून तिच्यावर होता.

दाजींनी दोनदा हात मारला. मी ऐकलं. — हेच ते वाक्य. मी ऐकलं. इतकं स्वच्छ की आजही कानात आहे. ऐकून मी ब्रेक दाबायला गेलो आणि पाय पडला ॲक्सिलेटरवर. दाजी उडी मारून बाजूला झाले म्हणून वाचले. सेठच्या गाडीचं तोंड आत गेलं.

सेठ जिना उतरून आला. त्याच सेठने दाजींच्या शब्दाखातर मला स्वतःच्या भावाच्या ऑफिसात नोकरी लावून दिली होती, आणि येत्या सोमवारी मला तिथे हजर व्हायचं होतं. माझ्याकडे न बघता त्याने दाजींना विचारलं, "सुकलाल, हाथ नहीं मारा?"

"मारा ना सेठ. दो बार मारा."

मग तो माझ्याकडे वळला. आणि मी म्हणालो, मला काही ऐकू आलं नाही.

दाजी चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं का? त्यांनी आपल्या तळव्याकडे पाहिलं. मग माझ्याजवळ येऊन हळूच, जणू काही लाजिरवाणं विचारतोय अशा आवाजात म्हणाले, "वाजना नही का रे?"

मी मान हलवली. नाही वाजला.

हात पत्र्यावर आपटला, एवढं त्यांना कळत होतं. पण त्याचा आवाज झाला की नाही? ते त्यांचे कान सांगू शकत नव्हते. ते दुसऱ्या कुणीतरीच सांगायला हवं होतं. त्यांनी ते मला विचारलं, कारण माझ्याएवढा विश्वास त्यांचा कुणावर नव्हता. आणि मी सांगितलं ते त्यांनी खरं मानलं. स्वतःच्या हातापेक्षा खरं.

सेठने किल्ली काढून घेतली. दाजी दुसऱ्यांच्या टेम्पोत ताके भरू लागले. मी सोमवारी ऑफिसात हजर झालो.

त्यानंतर त्यांना एक सवय लागली. दार वाजवलं की उघडणाऱ्याला विचारायचे, "वाजलं का?" पाण्याचा पेला खाली ठेवला की, "वाजलं का?" गणपतीच्या आरतीत टाळ्या वाजवताना शेजारच्याकडे बघायचे. पोरं त्यांची नक्कल करायची, ताई हसायची. मीही हसायचो. खोटं एकदाच बोललो, असं मी मनाशी म्हणत आलो. पण त्या प्रत्येक हसण्याला काय म्हणायचं?

पुढे ते दोघं गावी परत गेले. तिथे त्यांच्या भावाचा ट्रॅक्टर दारात उभा असतो, पण दाजी त्याला हात लावत नाहीत. आपणहून सगळ्यांना सांगतात, मन्हा भरोसा नही. दिवाळीला मी माझी गाडी घेऊन जातो, तेव्हा सगळ्यांच्या आधी ते बाहेर येतात. गाडी मागे घेताना मात्र अंगणातल्या दुसऱ्या कुणाला तरी पुढे करतात. "तू उभा ऱ्हाय, मन्हा हात वाजत नही."

गेल्या महिन्यात हेतलबेननी आरशात बघायचं शिकवून झाल्यावर मला एकट्याला गाडी मागे घ्यायला सांगितलं. काचा बंद, एसी चालू, रेडिओसुद्धा चालू होता. त्या मागे उभ्या होत्या. अचानक डिकीवर दोनदा टकटक झालं. मी थांबलो, अगदी जागच्या जागी.

त्या खिडकीशी आल्या. कौतुकानेच म्हणाल्या, "मैंने तो बस उंगली मारी थी, काका. सुनाई दिया?"

"हो," मी म्हणालो. मराठीतच. "ऐकू आलं."

इतकंच तर म्हणायचं होतं तेव्हाही. मी डोकं स्टिअरिंगवर टेकवलं. त्यांनी पाणी आणून दिलं, गाडी बंद केली. त्या दिवशी मी दोन खांबांच्या मध्ये गाडी एका झटक्यात लावली. ते दाखवायला तळघरात कुणी नव्हतं.

दाजींना फोनवर ऐकू येत नाही. हे ओरडून सांगण्यासारखं नव्हतंच. अक्षराखाली बोट ठेवून ते सावकाश वाचतात, म्हणून मोठ्या अक्षरात लिहून पाठवलं:

तीर्थस्वरूप दाजींना,

साष्टांग नमस्कार.

सेठच्या गाडीला टेम्पो लागला त्या दिवशी तुम्ही पत्र्यावर दोनदा हात मारला होता. तो वाजला होता. मी ऐकला होता. माझा पाय चुकला आणि मी सेठसमोर खोटं बोललो. नोकरी जाईल म्हणून बोललो. नंतर नोकरी पक्की झाली, तरीही गप्प राहिलो.

परवा सेठकडे जाऊन हे सांगून आलो. ते आता थकले आहेत. त्यांना ती गाडी आठवत नव्हती. तुम्ही आठवत होता.

ताईलाही वेगळं लिहिलं आहे. तुमची नक्कल करून हसणाऱ्यांत मीही होतो, तेही त्यात लिहिलं आहे.

तुम्ही दार वाजवता ते वाजतं, दाजी. पेला ठेवता तो वाजतो. आरतीत तुमच्या टाळ्या वाजत होत्या, मी शेजारीच उभा होतो. त्या दिवशी तुमचा हात चुकला नव्हता.

सुनील