दुसऱ्या बाप्तिस्म्याचा शुक्रवार

मी एका जागी बसणारी बाई नाही. क्लिनिकमधले डॉक्टर सुद्धा म्हणायचे, "सिस्टर, बैठ जाओ, आप को देख के मुझे चक्कर आता है." पण आखातातल्या उम्म अल कुवैनच्या घरात त्या उन्हाळ्यात मी जेवढ्या येरझाऱ्या घातल्या तेवढ्या आयुष्यात कधी घातल्या नाहीत. आमच्या अंगणात बाप्तिस्म्याची टाकी येणार होती आणि तिच्यात उतरणाऱ्या नऊ जणांच्या यादीत माझं नाव होतं.

आम्ही दोघं नगर जिल्ह्यातले, पिढ्यान्‌पिढ्या मिशनच्या मंडळीतले. आमच्याकडे तान्ह्या बाळाला पाळकसाहेब हातावर घेतात, आईबापांना नाव विचारतात, ते नाव घेऊन डोक्यावर तीनदा पाणी घालतात, की झाला बाप्तिस्मा. माझा तसाच झाला, नवऱ्याचाही तसाच झाला. त्यावर कुणाला काही शंका असू शकते हे मला आखातात येईपर्यंत माहीतच नव्हतं.

शारजात एका हॉलमध्ये दर शुक्रवारी एक फेलोशिप भरायची. पास्टर केरळचे, उपासना हिंदीतून. आमची मुलगी इथे जन्मली तेव्हा मदतीला ना सासर ना माहेर. या फेलोशिपच्या बायका चाळीस दिवस शारजाहून आळीपाळीने डबा घेऊन आल्या. कुणी माझी पाठ चोळून दिली, कुणी धुणं वाळत घातलं. अशी माणसं सोडवत नाहीत. पण त्यांच्याकडे पाण्यात पूर्ण बुडवून, कळत्या वयात घेतलेला बाप्तिस्मा तेवढाच खरा. लहानपणीचा ते धरत नसत. म्हणून महिन्यातून एकदा प्रभुभोजनाची, भाकर-द्राक्षरसाची थाळी आमच्या रांगेपर्यंत यायची आणि आमच्या डोक्यावरून मागच्या रांगेत जायची. पाच वर्षं हेच. मला भयंकर राग यायचा, आणि पुढच्या शुक्रवारी मीच सगळ्यांच्या आधी तयार होऊन दारात उभी असायचे.

नवऱ्याने आधी ठरवलं. "घेऊन टाकू बाप्तिस्मा. देव तोच, पाणी तेच. एवढं काय त्यात?" त्याला सगळं असं सोपं दिसतं. तो हमरिया फ्री झोनमध्ये फायबरग्लासच्या पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर होता. फेलोशिपचे बाप्तिस्मे पूर्वी पहाटे समुद्रावर व्हायचे, पण तिथे येणारे-जाणारे थबकून बघत, म्हणून ते बंद पडलं होतं. आमच्या जुन्या भाड्याच्या घराला उंच भिंतींचं अंगण होतं. नवरा म्हणाला, जागा आमची, टाकीही मी बनवतो. कारखान्याच्या मालकाला विचारून त्याने रिजेक्ट झालेले पॅनेल घेतले आणि दोन आठवडे सुटीच्या वेळात खपून टाकी केली. बाहेरून चढायला नि आत उतरायला पायऱ्या, धरायला कठडा, आणि भिंतींमध्ये फोमचा जाड थर, पाणी थंड राहावं म्हणून. त्या थराचं त्याला फार कौतुक. येणाऱ्या प्रत्येकाला बोटाने टाकी वाजवून दाखवायचा.

माझ्याकडे शिवण आलं. बायकांचे पांढरे झगे पाण्यात फुगून वर येतात, म्हणून घेरात वजन घालावं लागतं. मासेमारीच्या दुकानातून मी जाळ्याला लावायचे शिशाचे मणी आणले आणि पाच झग्यांच्या घेरात टाचले. चार झग्यांना काही झालं नाही. माझा झगा शिवताना मात्र सारखी सुई बोटात जायची.

पास्टरांची एक पद्धत होती. पाण्यात उतरल्यावर प्रत्येकाने सगळ्यांसमोर एक वाक्य म्हणायचं: लहानपणी माझ्यावर जे पाणी घातलं तो बाप्तिस्मा नव्हता, आज मी पहिल्यांदा बाप्तिस्मा घेतो आहे. हे वाक्य म्हटल्याशिवाय ते बुडवत नसत. माझ्या स्वतःच्या बाप्तिस्म्याबद्दल असतं तर मी तेही म्हटलं असतं. आईला वाईट वाटलं असतं, दोन पत्रं रडून लिहिली असती, मग निवळली असती. माझं घोडं अडलं होतं दुसरीकडेच.

आत्ताच्या मुलीच्या आधी आम्हाला एक मुलगी झाली होती. लग्नाला वर्ष झालेलं, नवरा नुकताच आखातात गेलेला. सातव्याच महिन्यात कळा सुरू झाल्या आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ती जन्मली. मी स्वतः नर्स, मिशन हॉस्पिटलात शिकलेली. तिचा श्वास बघितला आणि मला कळलं की ही राहणार नाही. सासरे पाळकसाहेबांना आणायला गेले होते, ते वेळेत पोचणार नव्हते. आमच्या मेट्रनने शिकवलं होतं, मूल जातंय आणि पाळक जवळ नाही, तर विश्वासातल्या कुणीही पाणी घालावं, नाव घ्यावं. मी आयाला पाणी मागितलं. तिने औषधाच्या मापात आणून दिलं. मी मुलीचं नाव घेतलं, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने तीनदा तिच्या टाळूवर पाणी घातलं. ती चार तास जगली.

हे मी कुणालाच सांगितलं नाही. सासूबाईंना वाटलं, बाळ बाप्तिस्म्यावाचून गेलं, आणि त्यांनी तो विषयच बंद केला. नवऱ्याला पत्रातून एवढंच कळलं की मुलगी होती आणि देवाने नेली. पुढे आम्ही सहा वर्षं एका घरात राहिलो तरी मी बोलले नाही. खरं लिहायचं तर मी त्याच्यावर रागावलेली होते. तो तेव्हा तिथे नव्हता, म्हणून ते त्याला मिळणार नाही, असं मी ठरवलं होतं. ही त्याला मी दिलेली शिक्षा होती आणि त्या बिचाऱ्याला तिचा पत्ताही नव्हता.

आता ते वाक्य म्हणायचं म्हणजे तान्ह्या बाळावर घातलेलं पाणी नुसतं पाणीच होतं, असं सगळ्यांसमोर कबूल करायचं. आयुष्यात मी त्या मुलीसाठी एवढी एकच गोष्ट केली होती. दूधही पाजता आलं नव्हतं.

तो शुक्रवार जुलैमधला. आदल्या संध्याकाळी टँकरने पाणी भरून ठेवलं होतं. सकाळी आठपर्यंत अंगण भरलं. शारजाहून, दुबईहून गाड्या आल्या, बिर्याणीची पातेली उतरली, पेटी वाजायला लागली. यादीत पहिला माझा नवरा. पांढऱ्या कपड्यात ऐटीत पायऱ्या चढला, आत पाय टाकला आणि "आई गं!" करून ओरडलाच. पाणी चटके बसण्याइतकं गरम होतं. टँकर दिवसभर उन्हात फिरून आलेला, पाणी आधीच तापलेलं, आणि ह्याच्या लाडक्या फोमने ते रात्रभर तसंच धरून ठेवलं होतं. साध्या पातळ टाकीत निदान थोडं तरी निवलं असतं. टाक्या बनवणाऱ्या माणसाशिवाय ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती. लोक हसू दाबत होते. मी दाबलं नाही.

"बर्फ लाना पडेगा, यल्ला, चलो," असं म्हणून कुणीतरी पिकअप काढली आणि नवरा तशाच कपड्यांत मासळी बंदरावर बर्फाच्या लाद्या आणायला गेला. तासाभराची खोटी झाली. बाकीच्यांनी गाणी धरली. मला तो तास सहन होईना. एव्हाना मी पाण्यात उतरून, डोळे मिटून काय ते म्हणून मोकळी झाले असते. आता विचार करायला तास मिळाला. मी भांडी घासली. घासलेली पुन्हा घासली. मुलगी मागे मागे फिरत होती. "ममी, आर यू स्केअर्ड?" तिने विचारलं. तिला मी ओरडून बाहेर पाठवली.

पास्टर पाणी प्यायला स्वयंपाकघरात आले. माणूस खरोखर चांगला, कधी कुणावर आवाज न चढवणारा. मी दुसऱ्या कुणाची गोष्ट असल्यासारखं विचारलं, "पास्टर, कोई बच्चा मरने वाला हो और माँ ने ही पानी डाला, नाम लिया, तो वो क्या हुआ?"

"सिस्टर, बच्चे को बपतिस्मा की ज़रूरत ही नहीं. बच्चा सीधा प्रभु के पास जाता है. माँ चिंता न करे."

"वो ठीक है. पर उसने जो किया, वो क्या था?"

त्यांनी ग्लासातलं उरलेलं पाणी संपवलं. "माँ का प्यार था. बाकी तो पानी ही था."

त्यांनी मायेनेच सांगितलं. पण ते ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती प्रभूजवळ आहे हे मला त्यांच्याकडून कळायची गरज नव्हती. मी त्यांच्या हातातला रिकामा ग्लास घेतला आणि तोही घासला.

बर्फ आला. चार लाद्या टाकीत सोडल्या. पाणी कोमट झालं आणि सगळ्या अंगणाला सुरमईचा वास सुटला. नवरा उतरला, ते वाक्य खड्या आवाजात म्हणाला, पाण्याखाली गेला आणि वर आला. टाळ्या, हालेलुया. त्याचा चेहरा इतका आनंदी होता की मला वाईट वाटलं. मग दोघं-तिघं झाले, मग माझी पाळी.

मी पायऱ्या उतरले. पाणी छातीपर्यंत आलं. पास्टरांनी एक हात पाठीशी धरला आणि म्हणाले, "बोलिए सिस्टर."

मी म्हटलं, "नाही म्हणणार." आणि मराठीतूनच बोलत सुटले, समोर निम्म्यांना कळत नव्हतं तरी. "माझी पहिली मुलगी चार तासांची होऊन गेली. तिला मी बाप्तिस्मा दिला. माझ्या हाताने, नाव घेऊन दिला. तो बाप्तिस्माच होता. तो नव्हता असं मी म्हणणार नाही. मला थाळी नका देऊ, चालेल."

पास्टरांनी पाठीवरचा हात काढला नाही. हळूच विचारलं, "पक्का, सिस्टर?" मी म्हटलं, "पक्का." आणि तशीच निथळत पायऱ्या चढून बाहेर आले. एका मावशीने टॉवेल आणून खांद्यावर टाकला. नवरा टाकीच्या कठड्याला धरून उभा होता, माझ्याकडे बघत. मी त्याच्याकडे बघितलं नाही. आत जाऊन कपडे बदलले आणि बिर्याणी वाढायला घेतली, कारण ऐंशी माणसं उपाशी होती.

चार वाजेपर्यंत सगळे गेले. मुलगी आत झोपली होती. नवऱ्याने टाकीचा व्हॉल्व्ह उघडला आणि पाणी अंगणभर पसरायला लागलं. मी खराट्याने ते दाराबाहेर लोटत होते.

"तू एकटीनंच केलंस?" त्याने विचारलं.

"आया होती."

"मला का नाही सांगितलंस?"

इथे मला मऊ बोलता आलं असतं. "तू नव्हतास म्हणून," मी म्हटलं.

तो ओल्या पायरीवर बसला. मला वाटलं, आता तो त्या वाक्याबद्दल काही बोलेल, म्हणेल की मला माहीत असतं तर मी ते म्हटलं नसतं. किंवा भांडेल. मी भांडायच्या तयारीतच होते, खराटा हातात होता. त्याने त्यातलं काहीच केलं नाही.

"नाव काय ठेवलंस?" तो म्हणाला.

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. सासूबाईंनी नाही, आईने नाही, सकाळी पास्टरांनीही नाही. कबरीवरही नाव नव्हतं. त्या दवाखान्यानंतर मी ते पहिल्यांदाच मोठ्याने सांगितलं.

त्याने ते नाव उच्चारलं. मग त्याच्यामागे स्वतःचं नाव लावलं, मग आडनाव.