धाकटीचा ढीग

कारखान्यात तिला सगळे नाकवाल्या बाई म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिला ते आवडत असे. कारखाना सिगारचा. वरच्या मजल्यावर सिगार वळणाऱ्या बायका बसत, मधल्या मजल्यावर खोकी भरली जात, आणि खाली, जिथे ऊन फारसं पोचत नाही, तिथे तंबाखू मुरवायची खोली होती. त्या खोलीतलं एक पानसुद्धा बाईंनी होकार दिल्याशिवाय जिना चढत नसे. एकतीस वर्षं हे असंच चालत आलं होतं. तिच्या आधी त्या खिडकीजवळच्या खुर्चीवर तिची सासू बसायची. सासूला सुना आवडत नव्हत्या, पण थोरल्या सुनेचं नाक आवडलं, एवढ्यावर थोरलीने दिवस काढले.

तिला आपण थोरलीच म्हणू, कारण सगळी गोष्ट धाकटीपायी आहे. धाकटी म्हणजे तिची जाऊ, धाकट्या दिराची बायको. दीर शेंडेफळ, लग्न उशिरा केलेलं, बोटीवर नोकरीला, वर्षातून दीड महिना घरी. बाकीचे दिवस एकाच घरात दोघी जावा, एक स्वयंपाकघर आणि थोरलीचा नवरा. तो कारखान्यातच खोकी करणारा सुतार होता आणि दोघींच्या मध्ये बोलण्याइतका वेडा नव्हता.

ज्यांना तंबाखूतलं काही कळत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगायला हवेत, नाहीतर पुढचं भांडण कळायचं नाही. शेतावरून आलेलं पान वाळलेलं असलं तरी कच्चंच. ते ओलसर करून कमरेइतक्या उंच ढिगात रचतात. ढीग आपोआप आतून तापतो. फार तापला की मोडायचा, आतलं पान बाहेर आणि बाहेरचं आत करून पुन्हा रचायचा. मोडताना नवसागराचा असा झणका सुटतो की नवं माणूस डोळे पुसत बाहेर पळतं. हा झणका पुरता गेला की पान गोणपाटात बांधून वर्ष-दोन वर्षं नुसतं पडू द्यायचं. मग कडवटपणा उतरतो, धूर जिभेला चावत नाही, आणि जुन्या लाकडी कपाटाचं दार उघडावं तसा वास येतो. घाई केली तर सिगार गोठ्यासारखी लागते. ओल राहिली तर कुबट लागते. आणि उगाच ठेवत बसलात तर पान मरतं. धूर येतो, चव येत नाही. म्हणजे कधी थांबायचं आणि कधी उठायचं, एवढंच काय ते कळावं लागतं, आणि तेवढंच कुणाला शिकवता येत नाही.

हे थोरलीला कळत होतं. दर तीन महिन्यांनी ती प्रत्येक मालातली चार पानं घेऊन बोटाएवढी सिगार वळायची, खिडकीशी बसून ओढायची, कोरडा पाव चघळून तोंड साफ करायची आणि त्या मालाच्या पाटीवर एक शब्द लिहायची. ‘तयार’ किंवा ‘थांबा’. कारण लिहायची पद्धत नव्हती आणि विचारायची तर नव्हतीच. मालकसुद्धा पाटी वाचून मान डोलवत. चव घ्यायच्या आदल्या दिवशी घरात कांदा-लसूण बंद असे, आणि कुणी डोक्याला वासाचं तेल लावलं तर त्याने ते धुऊन येईपर्यंत बाहेर बसायचं. नवरा म्हणे, “राणीच्या राज्यात आहोत बाबा.” म्हणे, पण केस धुऊन येई.

धाकटी लग्न होऊन आली त्या आठवड्यातली गोष्ट. कारखाना बघायला म्हणून ती खाली आली, दारातच थबकली आणि म्हणाली, “ताई, डावीकडचा तिसरा गठ्ठा आतून भिजलाय का हो?” सगळे हसले. हमालाने मजा म्हणून गठ्ठा सोडला. आत मुठीएवढी पांढरी बुरशी होती. मग सगळे वेगळ्या तऱ्हेने हसले, कौतुकाने. थोरलीही हसली, पण तिच्या पोटात त्या दिवशी जे दुखायला लागलं ते कधी थांबलंच नाही. त्या गठ्ठ्याजवळून ती स्वतः सकाळपासून चारदा गेली होती.

धाकटी कामाला लागली. नाक होतंच, शिवाय हातही हलका, शिवाय स्वभाव असा की हमालसुद्धा तिला ‘बाई’ न म्हणता ‘ताई’ म्हणत. थोरलीला हे सगळं डोळ्यांत खुपत होतं. रात्रीच्या जेवणाला धाकटीने भाजी वाढली की ही मीठ घालून घ्यायची, आधी चव न घेता. नवरा ताटावर डोळे ठेवून जेवत राहायचा.

चार वर्षांनी मालकांनी धाकटीला एक माल स्वतंत्र दिला. “रचण्यापासून बांधण्यापर्यंत तुझा,” म्हणाले. “पाटी मात्र बाईच लिहितील.” आणि जाता जाता थोरलीला म्हणाले, “तुमचीही साठी जवळ आली. दोन-तीन वर्षांत खुर्चीचं काय ते ठरवू.” सहज म्हणाले ते. थोरलीच्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. खुर्ची ही काही मऊ गादीची नव्हती, एक पाय डुगडुगत होता. पण ती गेली की उरलं काय? घरी ती नुसती सुताराची बायको होती.

त्या मालाला सगळे ‘धाकटीचा ढीग’ म्हणू लागले, गठ्ठे बांधून झाल्यावरही. दीड वर्ष गेलं. थोरलीने नमुना वळला, खिडकीशी बसली, पहिला झुरका घेतला आणि तिला कळलं की हे पान तयार आहे. जिभेला चावत नव्हतं, घशाला लागत नव्हतं. दुसऱ्या झुरक्याला मागून एक गोडवा आला. असा गोडवा तिच्या हातच्या मालाला पहिल्या दहा वर्षांत आला नव्हता. तिने पाव चघळला. मग पाटीवर लिहिलं, ‘थांबा’.

धाकटीने पाटी वाचली आणि झाडायला घेतलं. तिचं ते झाडणंही थोरलीला झोंबलं.

तीन महिन्यांनी पुन्हा ‘थांबा’. सहा महिन्यांनी पुन्हा. आता थोरलीला स्वतःचीच लाज वाटायची, पण लाजेपेक्षा मत्सर जड होता. आणखी थोडं ठेवलं तर पान मरेल, हेही तिला ठाऊक होतं. खरं सांगायचं तर ती त्याचीच वाट बघत होती. मेलेलं पान घेऊन मालकांपुढे उभी राहिलेली धाकटी तिला स्वयंपाक करताना दिसायची, आणि फोडणी करपायची.

त्याच सुमाराला परदेशच्या एका व्यापाऱ्याची मोठी मागणी आली. थोरलीचा स्वतःचा एक माल होता, बांधून जेमतेम वर्ष झालेला. मालकांनी विचारलं, होईल का? थोरली म्हणाली, बघते. ती नमुना वळत होती तेव्हा धाकटी शेजारी येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, “ताई, राग मानू नका. पण गाभ्याला अजून झणका आहे. एवढा माल पाठवू नका.”

“तुझं नाक तुझ्यापाशी ठेव,” थोरली म्हणाली.

तिने सिगार ओढली. जिभेच्या टोकाला बारीक टोचलं. टोचलं हे नक्की. पण धाकटीने सांगितल्यावर थांबायचं? हमालांच्या देखत? तिने मनाची समजूत घातली की दुपारच्या आमटीत कुणीतरी कांदा घातला असणार, आणि पाटीवर एवढं मोठं ‘तयार’ लिहिलं की शेवटचं अक्षर चौकटीवर गेलं.

दोन महिन्यांनी खोकी परत आली. बरोबर व्यापाऱ्याचं पत्र. त्यात लिहिलं होतं की या सिगारींनी त्याच्या गिऱ्हाइकांची डोकी उठली, आणि एकाने तर विचारलं की तुमच्याकडे घोडे असतात का. मालकांनी एक सिगार पेटवली. चार झुरक्यांनंतर खोली आंबट-कडू वासाने भरली आणि त्यांनी ती बशीत दाबून विझवली. कुणी पाटीकडे बघितलं नाही. सगळ्यांना पाठ होती.

“दहा दिवसांत दुसरा माल द्यायचाय,” मालक म्हणाले. “मुरलेलं काय आहे आपल्याकडे?”

मुरलेलं एकच होतं. धाकटीच्या ढिगाचे गठ्ठे बाहेर काढले गेले. चौथ्यांदा ‘थांबा’ लिहून पंधरा दिवससुद्धा झाले नव्हते. थोरलीने हात पदराखाली घट्ट धरले होते. मेलं असेल, ती मनात म्हणत होती, मेलेलं असू दे. त्या घटकेला कारखाना बुडाला असता तरी तिला चाललं असतं.

मालकांनी नमुना पेटवला. पहिला झुरका घेऊन ते थांबले. दुसरा घेतला. मग खुर्ची ओढून बसले, आणि बोट भाजेपर्यंत ओढत राहिले. शेवटी म्हणाले, “माझ्या वडिलांच्या वेळी एकदा असं पान निघालं होतं.” त्यांनी पाटी हातात घेतली. चार ओळी, चार ‘थांबा’, सगळं अक्षर थोरलीचं. “चार वेळा थांबवलंत बाई? मी असतो तर पहिल्याच खेपेला उचललं असतं. एक चूक कुणाचीही होते, पण असा धीर कुणाजवळ नसतो. खुर्चीचा विषय संपला. बसवेल तोवर बसा.”

सगळ्यांनी मान डोलवली. हमालाने तर हात जोडले. थोरलीला वाटलं, कुणीतरी भर बाजारात आपल्या गळ्यात दुसऱ्याच्या लग्नातला हार घातला आहे. धाकटी तेवढी खाली बघत गोणपाटाची दोरी गुंडाळत होती.

पान हाताळलं की हाताला चिकट काळा राप चढतो. सुट्टी झाल्यावर सगळ्याजणी मागच्या अंगणातल्या नळावर तो घासून काढत. त्या दिवशी दोघी जावा सगळ्यांत शेवटी उरल्या. थोरलीने साबण उचलला, ठेवला, पुन्हा उचलला.

“तुला एक सांगायचंय,” ती म्हणाली. “तुझा माल पहिल्याच खेपेला तयार होता. मला कळलं होतं. मुद्दाम थांबवला. आणि शेवटच्या खेपेला तर ओढलाही नाही. नुसतं लिहिलं.”

धाकटी हात चोळत राहिली. “ठाऊक आहे,” ती म्हणाली. “नमुना तुमच्या खणात सापडला. न पेटवलेला.”

“मग मालकांना सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही आणखी चुकावं म्हणून.” धाकटीने नळ बंद केला. “ताई, तुम्ही सांगितलंत तसं मीही सांगते. पाटीवर तुम्ही पहिल्यांदा ‘थांबा’ लिहिलंत ना, त्या दिवसापासून मला ती खुर्ची पाहिजे होती. त्याआधी खरंच नव्हती. तुमच्या मालाला झणका आहे हे मी तुम्हाला का सांगितलं, माहितेय? न सांगता तुम्हाला कळलंच असतं, आणि तुम्ही थांबला असता. मी सांगितलं की तुम्ही पाठवणार, याची मला खात्री होती.”

थोरलीने साबण दगडावर ठेवला. संताप यायला हवा होता आणि तो आलाच. पण त्या संतापाच्या तळाशी तिला वेगळंच काहीतरी लागलं, आणि ते फार वाईट होतं. ही पोर आपल्याला इतकं ओळखते. नवऱ्याने एवढ्या वर्षांत ओळखलं नाही, सासूने ओळखलं नाही.

“आणि माझं पान मेलं नाही, उलट सुधारलं,” धाकटी म्हणाली. “म्हणजे मला वाटत होतं ते तयार होतं, पण एवढं होणार हे मला कळलं नव्हतं. ते तुमच्याही ध्यानात नव्हतं. फुकट मिळालं ते तुम्हाला. रात्रभर जळणार आहे मी आज.”

“जळ,” थोरली म्हणाली. “मी सहा वर्षं जळतेय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मालकांकडे गेली. मला खुर्ची नको, असं काही ती म्हणाली नाही. एवढं मोठं मन तिचं नव्हतं आणि तसा आव तिने आणला नाही. तिने समोर दुसरी खुर्ची मागितली. यापुढे पाटीवर दोघींची अक्षरं असल्याशिवाय माल वर जायचा नाही, असं तिने सांगितलं. मालकांना वाटलं, काय हे प्रेम. ते पाहुण्यांना आजही कौतुकाने सांगतात की जावा-जावांचं असं एकमत कुठे बघायला मिळत नाही.

एकमत होतं, पण कसं होतं ते पाहुण्यांनी बघायला हवं. एकीने ‘तयार’ म्हटलं की दुसरी डोळे बारीक करून पुन्हा ओढते, कुठे फट सापडते का बघते. एकीने ‘थांबा’ म्हटलं की दुसरी विचारते, का? कारण विचारायची पद्धत तिथून सुरू झाली. एका मालावरून दोघी एकदा आठवडाभर बोलल्या नव्हत्या, आणि सुताराने दोन्हीकडे निरोप पोचवले. कच्चं पान मात्र त्यानंतर कारखान्याबाहेर गेलं नाही.

मागच्या थंडीत धाकटी तापाने तीन दिवस आली नाही. तिची खुर्ची रिकामी होती. थोरलीने पहिल्या दिवशी नमुना वळला, ओढला आणि पाटी कोरी ठेवली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मालक स्वतः खाली आले. “बाई, तुम्हाला तरी कळत असेल की,” ते म्हणाले. “तिच्यासाठी काय अडलंय?”

थोरलीने पाव चघळून संपवला. मग म्हणाली, “ती समोर नसली की मला चव लागत नाही.” तिने जिन्याकडे बघितलं, वर कुणी ऐकत नाही ना याची खात्री केली. “आणि हे तिला सांगाल तर याद राखा.”