दोन छोटे हॉर्न

डॉ. अनिल टिपणीस आभार मानायला हॉर्न वाजवत. दोन छोटे, हलके आवाज. कोणी गाडी जरा डावीकडे घेतली, कोणी त्यांना गल्लीतून बाहेर येऊ दिलं, की ते वाजलेच. आयर्लंडमधल्या आमच्या ट्रली गावात हॉर्न सहसा ऐकू येत नाही. वाजलाच तर लोक थांबून बघतात, कुणाचं काय बिनसलं ते. त्यामुळे टिपणीस गावात कुठे आहेत, हे आम्हाला घरबसल्या कळे.

ते इथल्या इस्पितळात भूलतज्ज्ञ आहेत. शिक्षण मिरजेला झालं. उमेदीची वर्षं जमैकात, किंग्स्टनला गेली. तिथून ते आणि त्यांच्या पत्नी मीनाताई आयर्लंडला आले. माझे यजमान त्याच इस्पितळात आहेत आणि मला गाडी येत नाही, म्हणून त्यांच्या मागच्या सीटवरून मी पुष्कळ फिरले आहे. किंग्स्टन मी पाहिलेलं नाही. जे माहीत आहे ते त्या सीटवर बसून ऐकलेलं.

"एसी बंद, पाठीखाली टॉवेल," ते सांगत. "पुढे शेअर टॅक्सी मनात येईल तिथे थांबणार. मागून मिनीबस अंगावर. मधूनच उसाची हातगाडी. सिग्नलला थांबलात तर एक जण न विचारता काच धुवायला लागतो. तिथं आरशात बघत बसलात की समोरची जागा गेली. जागा दिसली की शिरायचं, खिडकीतून हात काढायचा, आणि शिरल्यावर हॉर्नने थँक्यू म्हणायचं. न शिरणारा मूर्ख. थँक्यू न म्हणणारा हलकट."

"अहो, इथं हलकट म्हणाले तरी चालेल," मीनाताई म्हणत, "पण जरा हळू घ्या."

इथल्या रस्त्याची रीत त्यांना मॉसीने शिकवली. मॉसी इस्पितळातला पोर्टर. रुग्णांची चाकांची खाट ढकलत शस्त्रक्रियेला नेणारा. आमच्या या केरी परगण्यात समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचा हात न काढता एक बोट उचलतात, ओळख असो वा नसो. टिपणीस सुरुवातीला अख्खा हात बाहेर काढून हलवत. मॉसी त्यांना म्हणाला होता, "एकच बोट, डॉक्टर. पंजा दाखवलात तर लोकांना वाटेल, तुम्ही बुडताय."

मॉसी अचानक गेला. त्याचं गाव समुद्राच्या बाजूला, अरुंद रस्त्यावर. अंत्यविधी तिथल्या चर्चमध्ये होता. सकाळची शस्त्रक्रिया लांबली आणि आम्हाला निघायला उशीर झाला. टिपणीस, शेजारी मीनाताई, मागे मी.

गावाच्या अलीकडे गाड्यांची लांब रांग लागली. सगळ्यांचे दिवे सुरू होते, पण धुकंही होतं. रस्ता वळणांचा, रांगेचं तोंड दिसत नव्हतं.

"पुढे ट्रॅक्टर असणार," टिपणीस म्हणाले, आणि त्यांनी गाडी उजवीकडे काढली.

एकेक गाडी मागे पडत गेली. प्रत्येकीने थोडं अंग चोरून आम्हाला वाट दिली. प्रत्येकीला त्यांनी दोन छोटे हॉर्न दिले. शेवटच्या वळणावर सर्वांत पुढची गाडी दिसली. ती काळी, लांब होती. काचेतून शवपेटी आणि फुलं दिसत होती. तोवर आम्ही तिलाही मागे टाकलं होतं.

केरीत अंत्ययात्रेला कोणी ओलांडत नाही. समोरून येणारासुद्धा कडेला थांबतो. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. परत रांगेत शिरायला जागा नव्हती.

"अहो, तो मॉसी होता," मीनाताई म्हणाल्या.

"दिसलं," ते म्हणाले.

चर्चच्या आवारात गाव दोन ओळींत उभं होतं. धुक्यातून पहिली आलेली गाडी आमची. मॉसीच आला असं समजून पुरुषांनी टोप्या काढल्या. काहींनी छातीवर क्रूस रेखला. आम्ही त्यांच्या मधून गेलो. मी मान खाली घातली होती. मीनाताईंनी चेहरा पदरात घेतला. टिपणिसांना रस्ता बघणं भाग होतं, त्यामुळे त्यांना प्रत्येक चेहरा दिसला.

प्रार्थनेनंतर ते सांत्वनाच्या रांगेत उभे राहिले. मॉसीची बायको म्हणाली, "आलात, फार बरं वाटलं, डॉक्टर." मॉसीचा भाऊ डॅन शवपेटीच्या लगेच मागच्या गाडीतून आला होता. त्याने हात मिळवला, पण वर पाहिलं नाही. टिपणीस माफी मागू लागले तेव्हा शेजारचे म्हणाले, "यू आर ग्रँड, यू आर ग्रँड." म्हणजे काही बिघडलं नाही. इस्पितळातही तेच ऐकू आलं.

त्यांचा हॉर्न बंद झाला. ते कँटीनला जाईनात. डबा गाडीत बसून खाऊ लागले. पुढे कुणी कितीही हळू चालवत असलं, तरी ते मागे राहत. एकदा मला म्हणाले, "किंग्स्टनला लोकांनी माझ्या आईचा उद्धार केला असता. मी ऐकून घेतला असता. सिग्नल सुटला की दोघंही मोकळे. इथं सगळे म्हणतात, काही बिघडलं नाही. अहो, बिघडलंय! कुणीतरी म्हणा की."

मग त्यांनी ट्रली सोडायचं ठरवलं. डब्लिनकडच्या एका इस्पितळात जागा मिळत होती. मीनाताईंना जायचं नव्हतं. इथे त्यांना पहिल्यांदा शेजार मिळाला होता. "तोंड लपवायला दुसरं गाव कशाला?" त्या म्हणाल्या. पण ते सोमवारी इस्पितळात सांगणार होते.

त्याआधीच्या शनिवारी आम्ही तिघं त्याच रस्त्याने निघालो होतो. पुढे शेणखताची टाकी ओढणारा ट्रॅक्टर. टिपणीस त्याच्या मागे, काचा बंद करून. आमच्या मागे एक व्हॅन सारखा हॉर्न वाजवू लागली. त्यांनी गाडी कडेला घेऊन तिला वाट दिली. व्हॅन पुढे गेली नाही. शेजारी येऊन थांबली. काच खाली झाली. डॅन होता.

"माझ्या भावाला ओलांडताना दम निघाला नाही तुला," तो ओरडला, "आणि आता शेणाला घाबरतोस होय, गाढवा?" वाक्यात आणखी दोन शब्द होते. ते छापण्याजोगे नाहीत.

टिपणिसांनी काच खाली केली. "चुकलं माझं, डॅन."

"चुकलंच तुझं!" डॅन म्हणाला. "चल, हो पुढे."

टिपणिसांनी काच वर केली. मग त्यांनी गाडी काढली. ट्रॅक्टरने डावीकडे सरून जागा दिली. आमचा हॉर्न वाजला, दोनदा.

"सोमवारचं काय?" मीनाताईंनी विचारलं.

"सोमवारी ड्यूटी आहे," ते म्हणाले.

ते अजून ट्रलीतच आहेत आणि हॉर्नही वाजतो. फक्त त्या चर्चच्या अलीकडे, वळणांच्या रस्त्यावर, कुणी वाट दिली तर ते हॉर्नला हात लावत नाहीत. वेग कमी करतात आणि स्टिअरिंगवरून एक बोट उचलतात.