आम्ही बाहेरचे? आम्ही!

हसणार नाही असं आधी कबूल करा, तरच सांगतो. चहा नंतर प्या हो, आधी कबूल करा!

मी मूळचा वर्ध्याचा. इथे बहारीनला मीना सलमान बंदरातल्या एका वर्कशॉपमध्ये क्रेन दुरुस्त करतो. टनावारी लोखंड अलगद उचलून देतो, पण स्वतःची जीभ काही आवरता येत नाही बाप्पा!

तर आमच्या सम्यकाने बारावीत जाहीर केलं, "पप्पा, मला आर्मी ऑफिसर व्हायचंय. आय ॲम सीरियस." नुसतं बोलून थांबली नाही पोरगी! माहूज भागातल्या आमच्या बिल्डिंगचे सात मजले रोज पहाटे दहा वेळा चढायची-उतरायची. तेही इथल्या उन्हाळ्यात, जिथे सूर्य उगवायच्या आधीच माणसाची इडली होते!

महाराष्ट्रातलं एक कॉलेज तिनेच शोधलं. पदवीसोबत मुलींकडून लष्करी अधिकारी व्हायची तयारी करून घेणारं. फॉर्मही तिनेच भरला. मी सहज डोकावलो अन् माझं डोकंच सटकलं. तिने खूण केली होती 'राज्याबाहेरील विद्यार्थी' या रकान्यात!

बाहेरचे? आम्ही? पोरीला काही कळत नाही, असं मी ठरवून टाकलं. तिला न सांगता दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कॉलेजला फोन लावला.

ऑफिसातल्या मॅडम शांत होत्या बिचाऱ्या. "काका, मुलीची बारावी तिकडे झाली ना, म्हणून…"

"माझे आजोबा वर्ध्याचे! आम्ही बाहेरचे कसे?"

"तसं नाही काका, उलट तुमचा फाय…"

"मला काही ऐकायचं नाही!"

किती फोन केले विचारू नका. त्यांनी म्हणायचं, "काका, ऐका तरी," अन् मी दर फोनला एक पिढी मागे जायचं. खापरपणजोबांपर्यंत पोचलो, तेव्हा त्या थकून म्हणाल्या, "लेखी द्या, कमिटीपुढे ठेवते."

दिलं की! चार पानं. सोबत आजोबांचा शाळेचा दाखला. शेवटचं वाक्य तर काय ठणठणीत: 'आमच्या मुलीला बाहेरची म्हणून घेणार असाल, तर घेऊच नका!'

मुलाखत ऑनलाइन होती. समोर एक निवृत्त कर्नल. मी अन् बायको, वैशाली, कॅमेऱ्यात दिसणार नाही असे पलंगावर बसलेलो. "तोंडातून ब्र काढायचा नाही," वैशालीने बजावलेलं.

सम्यकाची मराठी अडखळत होती, पण ती स्वतः नाही. कर्नलसाहेब खूश दिसत होते. मग त्यांनी कागद उचलला.

"हे पत्र तुला माहीत आहे?"

"कुठलं पत्र, सर?"

"तुझ्या वडिलांचं. बघ, राज्याबाहेरच्या जागांना यंदा पुरेसे अर्जच नाहीत. तिथे तुला चांगली संधी होती. राज्याच्या यादीत मात्र जत्रा भरलीय. अन् वडील लिहितात, बाहेरची म्हणून घेऊच नका."

वैशालीने माझ्याकडे पाहिलं. एसी चालू होता तरी मला घाम फुटला!

सम्यकाचा चेहरा उतरला. क्षणभरच. मग ताठ बसली. "सर, पत्र पप्पांचं आहे, अर्ज माझा आहे. बारावी मी इथे केली, म्हणजे नियमाने मी बाहेरची. तरी जत्रेत टाकलंत, तर तिथेही लढेन. बट आय ॲम कमिंग, सर."

साहेबांनी कागद खाली ठेवला अन् म्हणाले, "वडील आहेत तिथे?"

आता लपून काय उपयोग? गेलो कॅमेऱ्यासमोर, अन् काहून कोणास ठाऊक, सावधानच्या पवित्र्यात उभा राहिलो. "सर, चूक माझी. मॅडम सांगत होत्या, मीच ऐकलं नाही. पत्र परत घेतो."

"मुलगी कुणावर गेलीय?"

"हट्टात माझ्यावर, सर. अकलेत आईवर."

साहेब खो खो हसले.

पंधरा दिवसांनी प्रवेशाचं पत्र आलं. राज्याबाहेरच्या यादीत सम्यका पहिली! वैशाली रडली, मी वर्कशॉपभर पेढे वाटले. पत्राच्या तळाशी एक ओळ होती: 'यापुढील सर्व संपर्क विद्यार्थिनीने स्वतः करावा. पालकांनी फोन करू नये.'

मी म्हटलं, "शिस्तीचं कॉलेज आहे, सगळ्यांनाच लिहीत असतील!"

सम्यकाने लगेच निवड झालेल्या मस्कतच्या एका मुलीला मेसेज करून विचारलं. तिच्या पत्रात ती ओळच नाही!