चुकीच्या मजल्यावरची आत्या

गेल्या महिन्यात वॉचमनचा फोन आला. "ताई, कुमुदआत्या तिसऱ्या मजल्यावर..." मी म्हटलं, "असू दे रे, चहा पिऊन येईल वर." तो हळूच म्हणाला, "आत्या गेल्या, ताई..." समोर चहा होता म्हणे, गप्पा रंगल्या होत्या आणि बोलता बोलता मान कलली. गंगापूर रोडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये आत्या पाचव्या मजल्यावर आमच्याकडे राहायची. पण लिफ्टचं बटण हमखास चुकायचं. चुकलं की उतरायची, समोरची बेल वाजवायची आणि वर ऐकवायची, "आलेच आहे तर टाक चहा!" त्यामुळे बिल्डिंगमध्ये तिला परकं घर असं नव्हतंच. आम्हाला वाटायचं, वेंधळीच आहे.

मग गेल्या वर्षी माझ्या लेकीचं, मुक्ताचं गणित अडायला लागलं. पाढे रात्री पाठ, सकाळी सपाट. तपासणी झाल्यावर समुपदेशक मॅडमनी समजावलं, "हा डिस्कॅल्क्युलिया. बुद्धी उत्तम आहे, आकडे तेवढे डोक्यात ठरत नाहीत. रागावू नका, घाई करू नका, वस्तू हातात देऊन शिकवा." मुक्ता खाली मान घालून बसलेली. आणि आत्यानं टाळीच वाजवली. "अगं बाई! म्हणजे माझं हेच की काय! जन्मभर उगाच स्वतःला ढ म्हणवून घेतलं मी!" कित्येक दिवसांनी पोर खुदकन हसली.

तेव्हापासून दोघींची जोडी जमली. निफाडहून द्राक्षं आली की ताटलीत मांडून वजाबाकी करायच्या. वजा झालेली पोटात. बेरजेला दोघींचाही सक्त विरोध! पण शाळेत सांगायला मुक्ता तयार होईना. "सगळे हसतील." सांगितल्याशिवाय जादा वेळ नाही, सवलत नाही; मी काळजीनं अर्धी झाले. माझा नवरा म्हणे, "कुठं बोलू नका, नसता बोभाटा होईल." आत्या म्हणाली, "मुक्ताचं मुक्ता सांगेल, तिला वाटेल तेव्हा. माझं मी सांगते." आणि बारशाचे पेढे वाटावेत तशी घरोघरी सांगत सुटली, "मला डिस्कॅल्क्युलिया आहे बरं का!" मी कपाळाला हात लावला. मुक्ता मात्र सगळं बघत होती...

आत्या गेल्यावर वाटलं, आता ही पोर मिटून जाणार. घर फार गप्प झालंय, खोटं कशाला बोलू. पण परवा मुक्ता शाळेतून आली ती बूट न काढताच बोलायला लागली. मॅडमनी फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं, तर ही सगळ्या वर्गासमोर म्हणाली, "मॅडम, मला डिस्कॅल्क्युलिया आहे. वेळ दिलात तर करते."

मी लगेच विचारलं, "हसले का गं?"

"हसले ना तिघं-चौघं. पण मधल्या सुट्टीत मागच्या बाकावरची एक मुलगी आली. म्हणाली, मलापण असंच होतं, घरी सांगायची भीती वाटते."

"मग?"

"मग काय! म्हटलं, माझ्या घरी चल. माझी आई समजावेल तुझ्या आईला."