तळटीप

ऑफिसात तिला तळटीप हे नाव मीच ठेवलं. साधा निरोप लिहिला तरी खाली तिच्या दोन ओळी असायच्याच: 'दुसरी किल्ली चालत नाही', 'दार ओढूनच लावा'. आम्ही सगळे हसायचो. तीही हसायची, पण ओठांतल्या ओठांत.

आमच्याकडे माणसांचे आवाज सांभाळले जात. घशाच्या ऑपरेशनमध्ये ज्यांचा आवाज कायमचा जाणार, ती माणसं आधी येऊन तास-दोन तास बोलून जायची. नंतर घरी मोबाइलवर शब्द टाइप केले की आमच्याकडच्या रेकॉर्डिंगच्या साठ्याच्या आधाराने मोबाइल त्यांच्याच आवाजात बोलायचा. ही रेकॉर्डिंग वर्षानुवर्षं तिनेच केली. पुढे या साठ्याची देखभाल एआय एजंटकडे, म्हणजे सांगितलेलं काम आपलं आपण करणाऱ्या प्रोग्रामकडे गेली आणि एजंटने वापरायच्या टूल्सची, म्हणजे एकेका कामाच्या तयार आज्ञांची, वर्णनं लिहायचं काम तिच्याकडे आलं. एजंट टूलच्या पोटात शिरून बघत नाही. वर्णन वाचतो आणि त्याच्यावर विसंबतो.

एका टूलचं नाव होतं 'ताजं करा'. बनवणाऱ्याने वर्णन लिहिलं होतं: 'साठा ताजा करतं.' तिने चाचणीच्या प्रतीवर चालवून पाहिलं, तर सगळं साफ. बॅकअपसकट. मग तिने लिहिलं: 'हे टूल साठ्यातली सगळी रेकॉर्डिंग आणि त्यांचे बॅकअप कायमचे पुसतं. काहीही परत आणता येत नाही. शोध मंदावला म्हणून हे वापरू नका. चालवण्याआधी जबाबदार माणसाला काय काय पुसलं जाईल ते सांगा आणि त्याचा स्पष्ट होकार घ्या.'

साहेबांनी भर मीटिंगमध्ये ते मोठ्याने वाचलं.

"एजंट आहे तो, नवी सून नाही पावलोपावली विचारायला. गिऱ्हाइकांना दाखवताना मध्येच अडून बसतो. एका ओळीत आण."

"साहेब, पण पुसलं जातं एवढं तरी..."

"झाली हिची तळटीप सुरू," मी म्हटलं, आणि अख्खी खोली हसली.

दुपारी तिने स्वतःच्या हाताने सगळं काढून टाकलं. उरलं एवढंच: 'साठा ताजा करतं.'

तीन आठवड्यांनी, सकाळी अकराच्या सुमाराला, तक्रारी घेणाऱ्या माणसाने एजंटला सांगितलं, "शोध फार हळू चाललाय, जरा ताजं कर." एजंटने केलं. नोंदही ठेवली: 'साठा ताजा केला. वर्णनात काही पुसलं जाण्याचा उल्लेख नाही, म्हणून परवानगी मागितली नाही.'

दोनशे चौदा माणसांचे आवाज गेले.

साहेबांनी तिला बोलावलं. "भाषा तुझी, तेव्हा फोनही तूच करायचे. एकेकाला."

मी शेजारच्याच टेबलावर बसायचे. तिसऱ्या दिवशी तिने एका शिंप्याच्या घरी स्पीकरवर फोन लावला.

"थांबा हं, त्यांनाच देते," त्याची बायको सवयीने म्हणाली. मग पलीकडून नुसता श्वास ऐकू आला. त्या श्वासाला तिने सगळं सांगितलं, माफी मागितली. थोड्या वेळाने पुन्हा बायको: "ते लिहून विचारतायत, परत रेकॉर्डिंगला कधी यायचं?"

"काकू, आता... आता त्यांचा आवाज कुठे आहे?"

"अहो, तुमच्याकडेच दिला होता ना!"

त्या दिवशी घरी गेल्यावर ती थोरल्या बहिणीजवळ रडली. तिने दुसऱ्या दिवशी मला सांगितलं, म्हणून ठाऊक.

"ताई, मी लिहिलं होतं गं सगळं. साहेबांनी काढायला लावलं."

बहीण भांडी पुसत होती. तिने मान वर केली नाही. "काढलं कुणी?"

दोनशे चौदावा फोन झाला त्याच संध्याकाळी तिच्या हातात पत्र पडलं: सूचना अपुऱ्या लिहिल्याबद्दल कामावरून कमी. आठवड्याभरात टूलचं वर्णन बदललं. तेच, शब्दन् शब्द तिचं, खाली साहेबांचं नाव. मी ओळखलं आणि काम करत राहिले.

मग एक दिवस तिचा फोन आला. "शिंपीकाकांकडे जायचंय. एकटीने जाववत नाही. येतेस?" नाही म्हणायला मला तोंड नव्हतं.

दोन जिने चढून गेलो. दार त्यानेच उघडलं. गळ्याशी जाळीचं कापड बांधलेलं. त्याने तिला ओळखलं, आत बोलावलं नाही. वही आणली, लिहिलं: 'मी बोललो ते फक्त तुम्हीच पूर्ण ऐकलंय. काय बोललो होतो?'

रेकॉर्डिंग करताना तिचं लक्ष आवाजाच्या पातळीवर असायचं, खरखर येतेय का, श्वास आदळतोय का, यावर.

"आवाज अगदी स्वच्छ आला होता, काका," ती म्हणाली. "शब्द नाही आठवत."

त्याने पुन्हा लिहिलं. वही आमच्याकडे धरली, पण आतून दिसणार नाही अशी आडवी. 'शेवटी हिच्यासाठी बोललो होतो. माझ्यामागे तिला ऐकवा म्हणून.'

आत शिलाई मशीन चालू होतं, ते थांबलं. "कोण आहे हो?" बायकोने विचारलं.

त्याने वही मिटली आणि दार लावून घेतलं.

जिना उतरताना ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. त्यानंतरही कधी नाही.