बेलभंडाऱ्यानंतरची साक्ष

मी ठाणेदार असतानाची कामरगावच्या शिवारातली ती आग अजून विसरलेलो नाही. एका विधवा शेतकरणीची कापून रचलेली सोयाबीनची सुडी पहाटे जळून राख झाली. सरकारी मदतीसाठी बाईनेच ती पेटवली, अशी आवई दुपारपर्यंत गावभर झाली. पंचनाम्याच्या वेळी ती एवढेच म्हणाली, "सुडी गेली त गेली साहेब, पन मले चोर कायले म्हनतात?"

शेजारच्या शेतमालकाशी तिचा धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, वाद होता. आमचा संशय त्याच्यावरच होता, पुरावा नव्हता. काही दिवसांनी बसथांब्यावरच्या चहावाल्याने खबर दिली. त्या मालकाचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी, मारुतीच्या देवळात जाईनासा झाला होता. "रोजचा मानूस हाये साहेब. आता देवळापुढून मान खाली घालून जाते."

सालदाराला ठाण्यात बोलावले. आगीबद्दल अवाक्षर काढले नाही.

"देवळात काहून जात नाहीस?"

तो म्हणाला, "मालकाले काडी लावतानी म्या पायलं. त्यानं त्याच सकाळी मारुतीच्या देवळात चार लोकाइपुढं मले बेलभंडारा उचलाले लावला. काहीच नाही पायलं म्हून." बेलाचे पान आणि भंडारा हाती घेऊन देवापुढे केलेली ही शपथ गावात कोणी मोडत नाही.

जबाब नोंदवला. पोलिसांपुढच्या जबाबाला शपथ लागत नाही. कोर्टातल्या साक्षीला लागते, आणि सालदार तिथे अडला. तो ईश्वराची शपथ घेईना. बचावाचे वकील लगेच उठले. "देवाला न मानणाऱ्याचा शब्द कोण मानणार?"

न्यायाधीशांनी कारण विचारले.

"देवाले एकदा खोट्यात उभं केलं, साहेब. आता खऱ्यात त्यालेच कसं बलावू?"

कायद्यात शपथेऐवजी सत्यप्रतिज्ञेची सोय आहे. न्यायाधीशांनी त्याला ती दिली. त्याने आगीपासून बेलभंडाऱ्यापर्यंत सगळे सांगितले.

"शपथ नाही, मग खोटं बोलायला भीती कोणाची?" वकिलांनी टोमणा मारला.

"जेलाची हाये ना वकीलसाहेब. देव माफ करन, तुमी थोडंच सोडसान!"

कोर्टात हशा पिकला. पुढे त्या चौघांपैकी एकाने बेलभंडाऱ्याची गोष्ट कबूल केली. त्या सकाळी कोणी संशयही घेतला नसताना मालकाने गड्याला शपथ का घातली, यावर न्यायाधीशांनी नेमके बोट ठेवले. मालकाला सक्तमजुरी झाली. बाईविषयीची कुजबुज निराधार असल्याचे निकालपत्रात नमूद झाले.

शपथ माणसाला बोलते करते, असे मी नोकरीभर धरून चाललो होतो. ती तोंड बांधायलाही वापरतात, हे या प्रकरणाने शिकवले. त्यानंतर कोर्टात पाठवण्याआधी प्रत्येक साक्षीदाराला मी विचारत असे, शपथ की सत्यप्रतिज्ञा?

निकालानंतर बाई कोर्टाच्या पायऱ्यांवर थांबली. खाली गावची मंडळी उभी होती. तिने पदर खोचला आणि खणखणीत आवाजात विचारले, "आता बोला नं! कोनं पेटवली सुडी?"